सुशीलाकाकीची सरकारी गाय

...नाही, पण मला सांगा, पंप मागितला तर पंप द्यावा की गाय? तुम्हीच सांगा. आमच्या कोरगावची सुशीलाकाकी, माझ्या शेजारचीच, नवरा गेल्यापासून एकटी, वायंगणात, म्हणजे पावसाळा सरल्यावरच्या हंगामात, मिरची लावते आणि विहिरीतून बालदीने पाणी ओढून ओढून ती जगवते, खांदे पार गेले बाईचे, म्हणून ती पंचायतीतल्या शिबिरात तालुक्याच्या साहेबांना एवढंच म्हणाली, की एक पंप मिळाला तर बरं होईल. साहेब चांगला माणूस हो, खेकसला नाही, काही नाही, गोड आवाजात म्हणाला, "काकी, पंप यंदा योजनेत बसत नाही. गाय बसते."

आता सरकार देतंय, नको कसं म्हणायचं?

तर गाय आली. टेम्पोतून उतरली ती, तुम्हाला सांगतो, आमच्या गावठी गायी चरायचं सोडून बघत राहिल्या. घाटावरची, धिप्पाड, तिला आमचं ऊन सोसेना, गोठ्यात शिरेना, भाषा कळेना. काकी 'यो गे बाय, यो' म्हणते आणि ही ढिम्म. ढोरांचा डॉक्टर म्हणाला, पंखा लावा. घरात पंखा एकच, तो काकीच्या डोक्यावरून निघाला आणि गायीच्या डोक्यावर गेला. आणि पाणी? ती पाणी प्यायची की विहीर प्यायची, देव जाणे... काकी दिवसभर ओढायची ते सगळं गायीच्या पोटात, आणि तिकडे मिरची उभ्या उभ्या वाळली. दूध देत नव्हती असं नाही, द्यायची, पण ते डेअरीत जायचं आणि पेंड होऊन परत यायचं, काकी आपली कोराच चहा प्यायची. मी म्हटलं, काकी, परत कर ती गाय. तर म्हणाली, "उद्या गावाक कायच मिळूक नाय, तर लोक माकाच बोल लावतले."

तेही खरंच. सरकार देतंय, नको कसं म्हणायचं?

मग परवा पणजीहून मोठे साहेब आले. पंचायतीसमोर मंडप, आणि काकीला ठेवणीतली साडी नेसवून पुढच्या खुर्चीत बसवलेली, कारण 'गरिबीवर मात केलेली महिला' म्हणून हिचंच नाव वर गेलेलं! तिची पुतणी जानकी, तिने आदल्या दिवशी हिला चांगलं पढवलं होतं, की पंपाचं बोल, मिरचीचं बोल, भिऊ नकोस. काकी माइकजवळ गेली. पदर सारखा केला. पंपाचा 'प' तिच्या ओठांवर आला, मी बघितला हो या डोळ्यांनी, आणि तिने तो गिळला. काय करणार, समोर एवढी माणसं, हार, फुलं, फोटोवाला... शेवटी मोठे साहेबच हसून म्हणाले, "काकी, सांगा सगळ्यांना. गेली ना गरिबी घरातून?"

काकीने जरा विचार केला.

"गेली असतली, साहेब. गाय इल्यापासून माका घरात बघूक वेळ खंय मिळता?"