मदर लिकर

हसू नका, पण दीदीच्या प्रयोगशाळेत माझं भांडणच होणार होतं. दीदी औषधांसाठी नवी रसायनं बनवायची. ती वारल्यावर तिचं सामान आणायला गेलो, तर तिची मैत्रीण निशा म्हणाली, "फ्रीजमध्ये तिची मदर लिकर आहे. फेकू का?"

माझं डोकंच फिरलं. "दीदीले दारूडी म्हणून राहिली का तू? अन् त्यात आईले काहून ओढते?"

"अरे बावा, दारू नाही! स्फटिक काढल्यावर उरते त्या पाण्याले मदर लिकर म्हणतात. पहिले स्फटिक तपासणीत संपले. यातून अजून पडले, तरच दीदीच्या रसायनाची रचना कळेल. पण इतके दिवस झाले, काहीच पडून नाही राहिलं."

"फेकू नको!" मी बाटली हिसकावली.

"हलवू नको रे!"

तोवर बाटली टेबलावर आदळली. फुटली नाही, पण आत पांढऱ्या सुया फुटू लागल्या अन् बघता बघता तळ भरला.

निशा रडायलाच लागली. मी घाबरून विचारलं, "बिघडलं का?"

"नाही रे पोट्ट्या, धक्क्यानं स्फटिक पडले, हेच तर पाहिजे होतं. हे दीदीचेच लेकरं समज."

मी बाटलीकडे बघतच राहिलो. म्हटलं, "म्हणजे मी मामा झालो?"