साहेबांचा डावा डोळा

...अहो दादा, आधी चहा घ्या, शिडी काही पळून जात नाही. बसा इथेच पायरीवर. आमचे हे कमिटीच्या बैठकीला गेलेत म्हणून बरं, नाहीतर चहाऐवजी तुम्हाला साहेबांचं चरित्र प्यावं लागलं असतं — मला पाठ आहे ते, लग्न झाल्यापासून ऐकतेय. आणि साहेबांच्या चित्राला भिंतही यांनीच दिली हो, हौसेने. आता जमिनीपासून पत्र्यापर्यंत साहेबच साहेब. कुणी पत्ता विचारला की मी सांगते, साहेबांच्या उजव्या कानाशी वळा, पुढचंच दार आमचं. पलीकडच्यांचाही आहे असाच एक, वस्तीच्या मधोमध घातलंय ना त्या कुंपणापलीकडे, त्यांचा साहेब. मिशीसुद्धा तशीच. पण हे बोलायचं नाही, काय?

तर मुद्द्याचं बोलते. डोळे मिटवायचे म्हणून सांगितलंय ना तुम्हाला? माहितीये मला. बोलणी सुरू झाली ना दोन्हीकडच्यांची, म्हणून आता साहेब शांत दिसायला हवेत — डोळे मिटून बसलेले. कुंपण आहे तिथेच, फाटकाला कुलूप आहे तसंच, पण साहेबांनी डोळे मिटायचे. मला विचाराल — कुणी विचारत नाही, पण समजा विचारलंत — तर मिटलेल्या डोळ्यांचा माणूस एवढ्या मोठ्या भिंतीवर झोपल्यासारखा दिसेल. लोक हसतील. आणि हसले की नाव कुणाचं खराब होणार, कमिटीचं? छे, तुमचं. त्यापेक्षा असू द्या उघडे. भुवया जरा खाली घ्या, ओठांवर हसू आणा, झाले शांत. तुमच्या आधीचा पेंटर — गुडघे गेले हो बिचाऱ्याचे, नाहीतर तोच आला असता — तो डाव्या डोळ्याला हातच लावायचा नाही. कडेकडेने काळा रंग द्यायचा आणि पुढे जायचा. शहाणा माणूस. मागच्या खेपेला कडेने फिरवताना त्याचा ब्रश निसटून खसकन आत आला तेव्हाही अवाक्षर बोलला नाही, मी कांदा चिरत होते, माझ्या हातावर —

आत म्हणजे... साखर बरोबर आहे ना चहात?

असं बघू नका. बरं, ऐका आता, अर्धं सांगून बसले तर तुम्ही चारचौघांत विचारत सुटाल. माडीवरच्या स्वयंपाकघराला खिडकी होती तिथे. साहेबांच्या तोंडावर खिडकी कशी चालेल? कमिटीने विटा लावून बुजवली. विटा लावणारे सगळे भाषण करणारे, गवंडी एक नाही, त्यामुळे चुना भुसभुशीत — माझा जुना स्क्रू-ड्रायव्हर त्याला पुरला. यांच्या बैठका सुरू झाल्या की मी खरवडायला बसायची. एक दिवस आरपार उजेड आला. धावत बाहेर जाऊन बघते, तर भोक नेमकं बुबुळात! खालून काळ्यात काळं, काही कळत नाही. उलट लोक म्हणायला लागले, साहेबांचे डोळे किती जिवंत, बघतायत असं वाटतं. बघत होतं खरं कुणीतरी.

का म्हणजे? कुंपणापलीकडची पहिली गच्ची माझ्या लेकीची आहे. कुंपण नव्हतं तेव्हा लग्न केलं तिने तिकडच्याशी. यांनी फोन नंबर बदलला, घरात तिचं नाव काढायचं नाही म्हणून मला शपथ घातली. मी नाही काढत. नुसती बघते. सकाळची कामं आवरली की ती कपडे वाळत घालते. एकदा दोरीवर इवली इवली झबली दिसली, तेव्हा कळलं मला, आजी झाले ते. कुणी सांगितलं नाही, दादा. झबल्यांनी सांगितलं. कुणाला पेढाही देता येईना, आणि आमचे हे समोर बसून बातम्या वाचत होते. खूप रडले मी तेव्हा. कांद्याचं निमित्त होतंच.

आता नातू माझा भिंत धरून उभा राहतो. ती त्याला खाली सोडून ओल्या कपड्यांचे पिळे सोडवते, तो तिचा पदर ओढतो. बोलणी पूर्ण होतील, फाटक उघडेल, मी जाईन — पण कधी? तोवर तो धावायला लागेल. मिटलेली पापणी रंगवायची तर भोक बुजवावं लागणार; तुमचा एक हात सिमेंटचा फिरला, की संपलं माझं.

या आत, माडीवर, स्वतः बघा. चपला असू द्या. डबे सरकवा तेवढे. हां, तिथेच, डोळा लावा. दिसली ना दोरी? कपडे नाहीत अजून? मग येईलच. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी पाया पडणार नाही — पडेन खरं तर, पण आत्ता नाही. काय, आलं कुणी गच्चीवर? सरका. सरका ना जरा, ती आली.

बोलू नका आता.