मरळीच्या पोरांची चिंधी

(कौसाबाई, भोईवस्ती, दिंडोरी तालुका. दारातल्या ओट्यावर बसून त्या बोलल्या, तसंच उतरवलं आहे.)

माझं माहेर विंचूरकडचं. आम्ही जातीनं भोई, पण माझ्या बापानं जाळं कव्हा हातात धरलं नाय, तो बाजाराला चण्या-फुटाण्याची भट्टी लावायचा, त्यामुळं मासा म्हणजे मला कालवणात पडतो तेवढाच ठावका. आन् लग्न करून दिलं ते इथं, फुगवट्यावर, म्हणजे धरणाचं पाणी मागं जिथवर चढतं ना, त्या कडंला. हळद उतरली नाय तर सासूनं पाटी डोक्यावर दिली, म्हणली जा, दिंडोरीच्या बाजारात बस. काय सांगू तुम्हाला, मला रोहू कोणता आन् कटला कोणता कळंना, गिऱ्हाईकच मला सांगायचं, अहो बाई, हा रोहू हाय. पण जीभ तिखट व्हती माझी, तिच्या जिवावर मासा इकला मी.

आता आमच्या ह्यांचं सांगते. हे घरात बोलायचे नाय, दारात बोलायचे नाय, सासू म्हणायची ह्याच्या तोंडात मूग. पण पाण्याच्या कडंला गेले का एकटेच बोलत बसायचे. मी नवी व्हते तव्हा मला वाटलं, माणूस ठीक हाय ना डोक्यानं. मंग कळलं ते मरळीच्या पोरांशी बोलत्यात.

तुम्ही मरळ खाल्ली असंल, पण तिची पोरं पाह्यली नसतील. पावसाळ्यात पाणी काठाच्या गवतात चढलं का मरळ आन् तिचा नर त्या गवतात भाकरीएवढी जागा साफ करत्यात, तिथं अंडी सोडत्यात, ती पाण्यावर तरंगत्यात. पोरं निघाली का आधी काळी, डोळ्याला दिसत बी नाय, मंग लाल व्हत्यात, लाल म्हणजे शेंदरावाणी, आन् समदी एका घोळक्यात राहत्यात. एकदम वर येत्यात, दम घेत्यात, एकदम खाली जात्यात. वर आली का पाण्याला भाताला आधण यावं तशा बुडबुड्या येत्यात. आन् खाली आई-बाप उभे. चुकून तिथं हात घातला ना, तर मरळ बोटाला धरती, बाकीच्या मासळीचं तसं नाय, ती अंडी टाकती आन् चालती व्हती. मरळ उपाशी राहती पण पोरं सोडत नाय.

आन् तीच तिची चूक. कारण त्या दिवसांत मरळ धरायला अक्कल लागत नाय. गळाला बेडूक लावायचा आन् लाल घोळक्यावरून वढायचा, आई येती तशी तोंड वासून, पोरांना कोण खातंय म्हणून. आई गेली, बाप गेला, का सांजेपोत्तर समदी पोरं संपली, चिलापी मासा खातो, चाल मासा खातो, बगळा खातो. म्हणून आमच्या वस्तीची रीत व्हती. ज्याला पावसाळ्यात पयल्यांदा लाल पोरं दिसतील त्यानं तिथं काठी रोवायची आन् वर चिंधी बांधायची. चिंधी दिसली का तिथं जाळं नाय, गळ नाय, म्हशी बी पाण्यात घालायच्या नाय. पोरं बोटाएवढी झाली, लाल रंग जाऊन हिरवट झाली आन् पांगली, का ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. दुसऱ्यानं काढायची नाय. कारण पाह्यली कोणी, तर त्यानं. जबाबदारी त्याची.

तर दरसाली चिंधी लावणार आमचे हेच. माझी लुगडी फाडून न्यायचे. एकदा चांगलं लुगडं फाडलं, मी म्हणलं, अहो, त्या मरळीला बारशाचं आमंत्रण तरी आलं का आपल्याला. तर हसले. आमची रंजी जन्मली त्या साली बी बाळंतिणीच्या खोलीत डोकावायच्या आधी माणूस पाण्यावर जाऊन आला. मला लय राग यायचा, खोटं कशाला बोलू. म्हणायचे, कौसे, तू हायेस ना तिच्यापाशी, तिकडं कोणी नाय.

मंग हळूहळू मरळ दिसंना. आता कोणाला बोल लावू. काठाचं गवत मोटारी बसवायला काढलं, द्राक्षाच्या बागा पार पाण्याला भिडल्या, फवारणी झाली का टाक्या तिथंच धुवायच्या, आन् आमच्याच लोकांनी बारीक आसाची जाळी आणली, ज्यातून बोट जाणार नाय अशी. चिलापी वाढली ती वेगळीच. कोणी एकानं केलं असतं तर भांडले असते मी. आधी वस्तीत दोन-तीन चिंध्या लागायच्या, मंग एक, मंग ती बी लागंना.

आन् त्याच सुमाराला ह्यांचं डोकं जायला लागलं. आधी चपला इसरले, मंग वस्तीची वाट इसरले, मंग बाजारात गेले ते भलत्याच गाडीत बसून हरसूलला निघाले, तिथल्या एका भल्या माणसानं फोन केला. रंजी नाशकाला सातपूरला दिलेली, तिनं तिकडं डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणला, बाई, ह्याला औषध हाय पण उतार नाय, समदं जाईल हळूहळू, पाण्यापासून तेवढं जपा. आता भोयाला पाण्यापासून कसं जपायचं ते डॉक्टरनं सांगितलं नाय.

पावसाळा आला आन् हे उठले. काठी घेतली, माझ्या पदराला हात घातला, म्हणले चिंधी दे, पोरं आली असतील, कोणीतरी आई धरंल. मी म्हणलं, नाय आली, मी पाहून आले. ऐकंनात. कंबरपाण्यात शिरले, गवत उचकटत हिंडले, पडले. माझा पुतण्या सोमनाथ, दिराचा पोरगा, त्यानं वढून काढलं. दुसऱ्या दिवशी परत. मी दाराला कडी घातली तर आतून दार वाजवत बसले, रडले हो. सासरा गेला तव्हा नाय रडला हा माणूस. म्हणायचे, माझी चिंधी लावायची राह्यली, पोरं मरतील. मला सांगा, काय करू मी. कडी घातली तर तो जीव आत मरतो, काढली तर पाण्यात मरतो.

मंग मी सोमनाथला म्हणलं, नाल्याच्या तोंडाशी चिंधी लावू आपण. तिथं पाणी उथळ हाय, घरापासून दिसतं, हे बसतील तिथं गप.  सोमनाथचं जाळं तिथंच पडतं, चिलापी तिथंच घावती, पण ते बोलला नाय तो. तो म्हणला, काकू, तिथं पोरं नाय. चिंधी खोटी कशी लावायची. एकदा खोटी लावली तर उद्या खरी कोण मानंल.

त्याचं बरोबर व्हतं. मी उठून घरी आले. सांजच्याला पाह्यलं तर सोमनाथ ओट्यावर बसून काठी तासतोय. म्हणला, चिंधी कशासाठी हाय ते वस्तीत सांगितलंय मी समद्यांना, पण चिंधी तू लाव, माझ्या हातून व्हणार नाय. मी लावली. हिरव्या लुगड्याची. ह्यांना नेलं, म्हणलं, बघा, तुम्ही लावली ना परवा, इसरला का. त्यांनी चिंधी पाह्यली, पाण्याकडं पाह्यलं, आन् माझा हात धरून खाली बसले.

तव्हापासून रोज सकाळी तिथं. पायरीवर बसावं तसं दगडावर बसायचे. पाण्यात उतरायचं नाव नाय. कोणी म्हशी आणल्या का हात वर करायचे. पाण्यावर कुठं बुडबुडा आला, का म्हणायचे, आली, दम घेत्यात. मी म्हणायचे, हो. सोमनाथ जाळं घेऊन लांबून वळसा घालून जायचा, आन् वस्तीतलं कोणी तिथं फिरकलं नाय, समद्यांना ठावं असून. गरिबी समद्यांना हाय हो. तरी कोणी फिरकलं नाय. हे मी मरस्तोवर इसरणार नाय.

मधी रंजी आली. बापाच्या पुढं उभी राह्यली, म्हणली, बापू, वळखलं का. हे म्हणले, बाई, तुम्ही कोणाच्या? जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडली का पोरं खाली जात्यात. रंजीचं तोंड असं झालं ना. म्हणलं आता ही रडत घरात जाईल. पण नाय गेली, तिथंच त्यांच्याजवळ खाली बसली, म्हणली, कोणाची पोरं हो ही. आन् हे बोलायला लागले. तिला पाव्हणी समजून सांगत्यात, आधी काळी असत्यात बाई, मंग लाल, मंग अंगावर पट्टा येतो, बारीक किडे खात्यात, भूक लागली का एकमेकांना बी खात्यात, म्हणून आई हालती ठेवती त्यांना. रंजी म्हणली, मंग मोठी झाल्यावर. तर म्हणले, मंग काय, पांगत्यात. मंग आई-बाप वळखत नाय. समोर आलं तर गिळत्यात बी. रंजी म्हणली, आन् पोरं? पोरं वळखत्यात का?  सांज झाली तरी लेक तिथंच बसलेली. उभ्या जन्मात बाप तिच्याशी एवढं बोलला नव्हता. मी लांबून पाह्यलं आन् चुलीपाशी जाऊन रडून घेतलं.

पोळा झाला. एक दिवस मी चहा घेऊन गेले तर हे उभे. पाणी निवळलं व्हतं, तळाचे गोटे दिसत व्हते, दुसरं काय नाय. ह्यांनी वाकून पाह्यलं. मंग म्हणले, पांगली.

मी म्हणलं, हो का. काढा मंग चिंधी. मुद्दाम म्हणलं, कारण आम्ही त्यांना तसंच सांगितलेलं, का तुम्ही लावली.

तर माझ्याकडं वळले आन् म्हणले, कौसे, तू लावली. तूच काढ.

किती महिन्यांनी माझं नाव घेतलं.  कशीबशी काठी उपटली, चिंधी सोडली, मुठीत धरली. म्हणलं आता इचारीन, तुम्हाला कव्हापासून ठावं व्हतं, पयल्या दिवसापासून का, मंग रोज माझ्यासंगं कशाला आली आली म्हणत बसला. मी वळले, तोंड उघडलं, तर हेच आधी म्हणले, सावकाश या बाई, तिथं शेवाळ हाय, पाय घसरंल तुमचा. आन् पुढं चालायला लागले. मी मागून गेले.

त्यानंतर पाण्याचं नाव काढलं नाय त्यांनी. दाराला कडी लागली नाय कव्हा. जेवण कमी व्हत गेलं, दिवाळीच्या आधी गेले, झोपल्या जागी. शेवटपोत्तर मला बाईच म्हणायचे, तुम्ही कोणाच्या, जेवल्या का, असं. लय मानानं वागवलं मला, काय सांगू.

आता एकटीच हाय. रंजी म्हणती नाशकाला ये, मला नाय करमत तिथं. यंदा पाऊस लागल्यावर सोमनाथ आला, म्हणला, काकू, नाल्यावर चिंधी लावू का, काकांची आठवण म्हणून, वस्ती काय नाय म्हणायची नाय. मी म्हणलं, नको. आठवण माझ्यापाशी हाय, तू जाळं टाक. त्यानं टाकलं. मी रोज सकाळी काठानं फिरून येते, गवत राह्यलंय तिथं थांबून पाहते, अजून तरी काय दिसलं नाय. दिसलं का लावीन. खोटी एकदा लावली, ज्याच्यासाठी लावली त्यालाच ती खोटी हाय ते ठावं व्हतं, आता परत लावायची नाय. चहा घ्या तुम्ही, गार व्हईल. लेकरं हायेत ना तुम्हाला? हायेत तर बरं हाय. त्यांना सुखी ठेवो देव, आन् तुमची वळख त्यांच्यापाशी राहू दे, आन् त्यांची तुमच्यापाशी.