कोणीही हात वर केला नाही

तर त्या बैठकीत म्हाताऱ्यांच्या बाजूनं बोलले ती मीच — तू बातमीत वाचलंस ना, 'एका निवृत्त शिक्षिकेने वृद्धांची बाजू मांडली', ती निवृत्त शिक्षिका तुझ्यासमोर बसली आहे. गीता शेवडे. नाव छापलं नाही ते बरंच झालं. बस ना, उभी का? त्या टोकाला नको, बाकाचा तो पाय डुगडुगतो. मघाशी फोनवर आईशी मराठीत बोलत होतीस म्हणून तुला हाक मारली. काशीत, या मैदागिनच्या थांब्यावर, मराठी कानावर पडणं आता दुर्मीळ झालं आहे, आमच्या घरांतली मुलंसुद्धा आईला 'सुनो ना' म्हणतात. मुक्ता म्हणालीस ना नाव? अमरावतीची, बँकेत, बदलीवर आलेली. तुला तू म्हणते, चालेल. चालायलाच हवं, तुझ्या आईपेक्षा मोठ्या बायका अजून मला वाकून नमस्कार करतात. फक्त 'मी वेट करतेय' असं आईला म्हणालीस, ते माझ्या कानाला टोचलं. वाट पाहते आहे म्हणावं. असो.

सवलत काय होती, ते आधी नीट समजून घे, कारण बातमीत ते धड लिहिलेलं नाही. शहरबसमध्ये साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला तिकीट माफ होतं. प्रत्येकाला — या शब्दाकडे लक्ष दे, सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. वयाचा पुरावा दाखवायचा आणि बसायचं. आमचे बिंदुमाधवकाका — पंचगंगा घाटावर आमच्या शेजारच्या गल्लीत राहतात, जन्मभर वेद शिकवले, आता शिकायला कोणी येत नाही — ते तर कंडक्टरसमोर तोंड उघडून म्हणायचे, 'दाँत गिन लो, भैया.' कंडक्टर म्हणायचा, 'महाराज, एक्को त नाहीं हौ.' 'त फिर बइठे दा.' रोजचा संवाद. हसू येतं ना? मलाही यायचं.

आता तू म्हणशील, फुकट प्रवास तुम्ही घेतलात कसा? विचारलं नाहीस, पण मनात आलं असेल, म्हणून सांगते. आमच्यासारख्या काही घराण्यांत एक रीत आहे — आम्ही काशीत येऊन राहिलो, पण क्षेत्रात दान घ्यायचं नाही. काशीला लोक दान द्यायला येतात, जिकडेतिकडे देणारेच, त्यामुळे न घेणाऱ्याला रोज सकाळी नव्यानं नाही म्हणावं लागतं. माझे वडील, आप्पा — एकदा कोणी यात्रेकरू आमच्या ओट्यावर धोतरजोडी आणि तांब्याचा कलश ठेवून निघून गेला. आप्पा दिवसभर त्या कलशाशेजारी बसून राहिले, हात पाठीमागे बांधून. जेवायलासुद्धा आत आले नाहीत, न जाणो आपल्या मागे घरातल्या कोणी तो उचलला तर. संध्याकाळी तो मनुष्य नावेवरून परतला, तेव्हा त्याच्या पदरात ते परत घातलं आणि मग पाणी प्यायले. अशा घरातली मी. पण बसचं मी घेतलं, कारण ते दान नव्हतं. जे सगळ्यांचं असतं, ते कोणी कोणाला दिलेलं नसतं. घाटावरचा दिवा लागतो, त्याच्या उजेडात मी पायऱ्या उतरते. ते काय दान आहे? गंगेत उतरताना कोणी विचारतं का, तुझी ऐपत आहे की नाही? हे सगळं मी बैठकीत बोलले. चांगलं बोलले. उगाच विनय कशाला दाखवू?

बैठक कशासाठी, तेही सांगते. बस चालवणाऱ्यांचं म्हणणं, सवलत परवडत नाही, बंद करायची. मात्र आधी वृद्धांचं म्हणणं ऐकून घ्यायचं. मग चार गल्ल्यांतले लोक माझ्याकडे आले — बहनजी, आप बोलिए. नुसते आपले मराठी नव्हेत. मल्लाहांच्या घरातले, पानवाले, साड्या विणणारे आलमगीर मशिदीच्या मागचे. रामदेई आली — नावाड्याची विधवा, माझ्याहून थोडी लहान, पायाची जखम भरत नाही म्हणून इथल्या लंका मोहल्ल्यातल्या दवाखान्यात पट्टी बदलायला जाते — जात असे. दारातच बसली. म्हणाली, 'बहिनजी, आप बोल दिहा, त हमहन क भी हो जाई.' म्हणजे आमचंही काम होऊन जाईल. मी म्हटलं, बोलीन, पण एका अटीवर. तिथं कोणी रडायचं नाही, आजार सांगायचे नाहीत, पदर पसरायचा नाही. आपण हक्काचं मागतो आहोत. ही अट सगळ्यांनी मान्य केली. बिंदुमाधवकाका म्हणाले, 'ताई, तुम्ही आप्पांच्या खऱ्या कन्या.' मला बरं वाटलं. कोणाला वाटणार नाही?

आणि तिथं समोर साहेबाच्या खुर्चीवर कोण? अनिमेष. पाचवीत माझ्या वर्गात होता. बंगाली टोल्यातला, अत्यंत हुशार, अक्षर मात्र भयंकर. उठून पायांना हात लावला त्यानं, सगळ्यांसमोर. नंतर मला व्हरांड्यात घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, 'बहनजी, सबके लिए तो अब नहीं बचेगा। पर जिनको सचमुच तकलीफ़ है, उनके लिए बचा लूँगा। मैं पूछूँगा, आप लोग बस हाथ उठा दीजिएगा।' मुलगा भलं करायला निघाला होता, त्याला मी दोष देत नाही. मी त्याला म्हटलं, अनिमेष, गरजूंसाठी ठेवलंस की ते दान झालं. तो म्हणाला, 'नाम जो भी दीजिए।' नाम जो भी दीजिए — एवढी वर्षं शिकवून हे.

मग त्यानं आत येऊन विचारलं. ज्यांना भाडं देणं कठीण आहे, त्यांनी हात वर करावा.

मी पहिल्या रांगेत होते. माझा हात मांडीवर होता. काकांनी उपरण्याखाली दोन्ही हात घेतले. तो प्रश्न पडला आणि मी मागे वळून पाहिलं. का वळले, ते मला सांगता येणार नाही. सवय असते, वर्गात प्रश्न विचारला की बाई मुलांकडे पाहते. रामदेईचा हात इथपर्यंत आला होता — खांद्यापर्यंत. माझ्याकडे पाहिलं तिनं आणि त्याच हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिच्या शेजारचे विणकर चाचा, त्यांचाही हात काठीवर परत गेला. मी काही बोलले नाही. मी नुसतं पाहिलं. एवढंच.

मी म्हणते, धीट बाई आहे ती, सबंध घाटाशी भांडते, मग माझ्या पाहण्यानं हात खाली घ्यायचं तिला काय कारण? — पण मी अट घातली होती ना. पदर पसरायचा नाही. ती अट पाळत होती. हल्ली ती या थांब्यावर दिसत नाही. मी तिच्या दारावरून जाते, दार लोटलेलं असतं, आतून कण्हण्यासारखं — नाही, मला ऐकू कमी येतं, कदाचित रेडिओ असेल.

मी? माझं काय, माझं सगळं व्यवस्थित आहे. निवृत्तिवेतन — आमची शाळा खाजगी होती, आपल्याच लोकांनी चालवलेली, मुलं कमी झाली आणि बंद पडली. तिथं तसली पद्धत नव्हती. पण एकट्या बाईला लागतं काय? हा डबा? हा शरदिनीचा. शरदिनी माझ्याबरोबर शिकवत असे, गाणं आणि शिवण. आता सारनाथच्या बाजूला एका वृद्धाश्रमात असते. माणसं चांगली आहेत तिथली, पण ती त्यांच्या हातून खात नाही, ओठ मिटून घेते. मऊ भात, वर मेतकूट, थोडं तूप — आणि मीच भरवायचं. मला ओळखते असं नाही; कधी मला आई म्हणते, कधी 'कोण तुम्ही, चप्पल बाहेर काढा' म्हणते. पण घास घेते. एक दिवसाआड जात होते. मागच्या आठवड्यात पायी निघाले — अगं, चालणं चांगलं असतं — पांडेयपुरापर्यंत पोचले, मग एका दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. बसले ती बसलेच. उन्हानं भात आंबला, गाईला घातला. आश्रमातल्या बाईचा फोन आला होता नंतर. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, आता नळीनं देतो आहोत.

तरी डबा मी करते. सकाळी भात टाकला नाही, तर हात रिकामे राहतात.

ती बघ, लंकेची आली, तुझी हीच ना? मी सारनाथची वाट पाहते आहे. — मघाशी गेली ती? हो, तीही सारनाथचीच होती. आणि तिच्या आधीची. तुझं लक्ष बरं आहे. — नाही. पर्स बंद कर. टोटोनं, त्या बॅटरीच्या रिक्षानं, सोडतेस म्हणजे काय, तू तिकीट काढतेस म्हणजे काय? तुझं मन चांगलं आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही, पण पर्स बंद कर म्हटलं ना एकदा. मला माझ्या वेळेनं जायचं आहे. इथं बसायला काही पडत नाही.

जा, दार लावून घेईल तो. आणि बँकेत कोणी विचारलं, तर अर्धवट सांगू नकोस, पुरतं सांग. ठरलं ते असं: साठीपुढच्यांचा मोफत प्रवास बंद, गरजूंसाठी वेगळी सोय नाही, कारण उपस्थितांपैकी कोणालाही गरज आढळली नाही. अनिमेषनं ते दोनदा वाचून दाखवलं, मध्ये थांबून, माझ्याकडे पाहत. संमती विचारली, तेव्हा सगळ्यांत आधी मान हलवली मी. मग बिंदुमाधवकाकांनी. मग आमच्या रांगेनं, मग विणकर चाचांनी. रामदेईनं सगळ्यांच्या शेवटी, पण हलवली.