राहिलेली निळी शाई

मंडळी, बसा. काही जण उरल्याच्या कारखान्यांतली शिफ्ट सुटताच धुळीच्या कपड्यानं सरळ इथं विहारात आले, मले दिसून राहिलं. मी टेबल धरून बोलतो. मी उके. मेश्राम भाऊंच्या बाजूच्या टेबलावर मी अख्खी नोकरी काढली. नकाशे गिरवायची नोकरी.

भाऊंले जाऊन चार दिवस झाले. मी थकलो आहे, मंडळी. अन् हा थकवा चार दिवसांचा नाही.

भाऊंच्या पोरीनं, सुजातानं, त्यांचे नकाशे भिंतीवर लावले आहेत. पहिला पाहा. जुना किल्ला, दोन-चार पारे म्हणजे मोहल्ले, अन् जिकडे तिकडे तलाव. भाऊ म्हणत, "उके, हे पाण्याचं गाव होतं. मधात मधात माणसं राहत." दुसऱ्यात रेल्वे आली, तात्यापाऱ्याच्या गल्ल्या भरल्या. शेवटच्यात राजधानी झाली, शहर उरल्याले जाऊन भिडलं.

आता तिसरा पाहा. तिसरा आमचा. आपल्या वस्तीमागचा तलाव दिसतो? नुसतं काळं कडं आहे. आत निळं नाही.

त्या तलावावरून भाऊंले काय काय ऐकावं लागलं! चहाच्या टपरीवर लोकं तोंडावर म्हणत, "नक्सा वाले बाबू ह तरिया ल खा डारिस." म्हणजे, नकाशेवाल्या बाबूनं तलाव खाऊन टाकला. सुजाता लहान होती. शाळेतून रडत यायची.

ऐका मग. आमच्यात रीत अशी, आधी काळ्या रेघा, मग लाल रस्ते, निळं सगळ्यात शेवटी, काहून की निळी शाई कापडावर पसरते. गिरवणारा गिरवते, दुसरा तपासते अन् कोपऱ्यात सही करते. तो नकाशा मी गिरवला. भावाचं लग्न होतं, नागपूरची गाडी पकडायची होती. एक तलाव राहिला. म्हटलं, सोमवारी भरू. भाऊंनी विचारलं, "निळं झालं?" मी म्हटलं, "हव भाऊ, झालं." त्यांनी गुंडाळी उघडली नाही. माह्यावर भरोसा होता. सही केली.

सोमवारी मी आलो, तर नकाशा छापायले गेला होता. मी चूप राहिलो. पुढचा नकाशा त्याच्यावरूनच गिरवला गेला, अन् त्यात ते कडं पडीत जागा झालं. तलाव मातीनं बुजते, शाईनं नाही, हे मलेही समजते. पण मातीच्या गाड्या आल्या तेव्हा वस्तीची लोकं नकाशा घेऊन भांडायले गेली. अन् नकाशात पाणीच नव्हतं.

चौकशी झाली. भाऊ एवढंच बोलले, "सही माही आहे." बाहेर आल्यावर मी हात जोडले. ते म्हणाले, "तुह्ये लेकरं लहान आहेत, उके. चाल, चहा पिऊ." मी चहा प्यालो. लाज नाही वाटली मले? वाटली. तरी प्यालो. नंतर इतकी वर्षं रोज प्यालो.

रिटायर झाल्यावर भाऊंच्या घरी या तिसऱ्या नकाशाची ही प्रत पाहिली. म्हटलं, "भाऊ, तुम्हीच काहून नाही भरत हे निळं?" ते म्हणाले, "ज्याचं काम त्यानं करावं. मले घाई नाही." मले वाटलं, अजून वेळ आहे.

काल सुजाताले सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अंकल, ये बात सबके सामने बोलिए." बोललो, बेटा. तुह्या बाबानं तलाव खाल्ला नाही. त्यांनी माही चूक खाल्ली.

निळी शाई मी घरून आणली आहे. सुजाता, तो तिसरा नकाशा काढून या टेबलावर ठेव. माहा हात आता हळू चालते, वेळ लागेल. तेवढा वेळ, मंडळी, तुम्ही उभे राहा. कोणी बोलू नका. निळं कड्यापर्यंत पोचलं की मी भाऊंले जय भीम म्हणीन. मग बसा.