सुनंदा, पड

काय सांगू तुम्हाले भाऊ, मी चंद्रपूरकडल्या मूल गावाच्या अंगच्या एका खेड्यातली, नाव सुनंदा, धानाच्या मिलवर रेजा हाय, म्हंजे उकडलेलं धान आवारात पसरवाचं, पायानं ओळी ओढाच्या, वाळलं का भराचं, वीस वर्सं झाले हेच करून राह्यली. पण तुम्ही त्यासाठी नाई आले, तुम्ही ऐकिडोचं ऐकाले आले, का बा मिलवरची बाई जपानी कुस्ती करते म्हणे. कुस्ती नोहे ती. अन् आधी माह्या आज्याचं ऐका, त्याच्याबिगर माहा संताप तुम्हाले समजणार नाई. आज्यानं धम्म घेतला तवा घरातले सारे देव टोपल्यात भरले अन् मार्कंड्याच्या देवळाच्या खालच्या अंगाले वैनगंगेत नेऊन सोडले. आजी रडली म्हणे, तं आजा म्हणे रडू नोको, आजपासून या घरात कोणी चमत्काराले हात जोडणार नाई. बापानं आम्हाले हेच पाजलं. अंगात आलेली बाई घुमून पडली का बाप म्हणे, नीट पाह्य, तिले कोणं ढकललं ते सांग. अन् त्याच घरातली मी, चमत्कारानं पडली. आधीच सांगून टाकते, माही मलेच किळस येते.

तं मास्तर. मास्तर आमच्याच गावचा, मुंबईले कारखान्यात होता, तिथी वीस-बावीस वर्सं ऐकिडो शिकला अन् नोकरी सुटल्यावर गावात येऊन विहाराच्या हॉलमध्ये क्लास काढला. गाद्या कुठून आणणार, तं आम्ही मिलच्या फाटक्या बारदान्यात धानाचं वाळकं तणस भरलं, दाभणानं शिवलं, झाली गादी. कोणी जोरात पडलं का धूळ उडे अन् सारे शिंकत. पह्यले तीन महिने निरं पडाले शिकवलं त्यानं, हनुवटी छातीले, पाठ गोल, हाताची जमिनीले थाप. बाकीच्या भेत, मी नाई भेली, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधीच्या चिखलात मी किती खेपा पडली हाय ते इचारू नका. मग गुडघ्यावर चालणं, जपानात जुन्या काळी राजाच्या दरबारात तसं चालत म्हणे. आम्ही बाया हासून हासून लोळलो. मी म्हणलं मास्तर, धानातलं गवत निंदाले बसलो का आम्ही दिवसभर असंच सरकतो, आम्हाले तं कोणी दरबारात नाई बोलावलं.

मास्तर खरं शिकवे, हे मी आजबी म्हणीन. म्हणे यात मारणं नाई, समोरचा जोर लावते त्या जोरालेच वाट करून द्याची, तो आपल्याच जोरानं जाते. हे सारं तलवारीतून आलं, तलवार धरणाऱ्याचं मनगट कोणी पकडलं तं तो काय करन, तिथून हे निघालं, म्हणून आम्ही लाकडी तलवारबी शिकलो, गावच्या सुतारानं केलेली. ज्या म्हाताऱ्यानं हे काढलं त्याच्या चेल्यांनी मग आपापल्या शाखा केल्या. एक कडक, पोलिसांले शिकवते तशी, पाय कुठी ठेवाचा तेबी मोजून. एक मऊ, श्वासाची, पोटातल्या ताकदीची. एक तं स्पर्धाबी घेते, अन् ते बाकीच्यांले मान्य नाई. म्हंजे तिथीबी भाऊबंदकी. अन् आमची गंमत ऐका, आम्ही समजलो जपानी माणूस म्हंजे बौद्धच असन, म्हाताऱ्याचा फोटो बुद्धाच्या मूर्तीच्या बाजूले लावला, वरसभर दोघांले सोबत वंदन केलं. मग विहार समितीच्या सचिवाच्या सुनेनं मोबाइलवर वाचलं का म्हातारा तं तिकडच्या देवदेवतांचा मोठा भगत होता. बापा रे! मीटिंग बसली, दोन तास भांडण झालं, फोटो वरांड्यात गेला. मी तवा हासली. फोटो भायेर काढून आम्ही समजलो का झालं, घर साफ झालं.

सहा वर्सांनी मले काळा पट्टा भेटला. मी मास्तरची पडणारी झाली, म्हंजे चारचौघांत तो जिले फेकून दाखवे ती मी. चांगलं वाटे, खोटं काऊन बोलू, मिलवर या मनगटाले कोणी इचारत नाई. मग मास्तर कुठल्याशा मोठ्या शिबिराले जाऊन आला अन् डोक्यात हवा शिरली. म्हणे आता मी त्या पायरीले पोचलो का हात लावाची गरज नाई. बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता, विहारासमोर सारं गाव, मास्तरनं दुरून हात फिरवला, मी आपली उभी. काईच नाई झालं तं काय करू? त्यानं पुन्हा फिरवला अन् दातातल्या दातात म्हणे, सुनंदा, पड. मी त्याच्या तोंडाकडे पाह्यलं, घामेजला होता, लोकं पाहून राह्यले होते, मी म्हणलं गुरू हाय, याची इज्जत जाईन, अन् पडली. मस्त पडली, थाप मारून. काय टाळ्या भाऊ! घरी आली, जेवाले बसली, तं बापानं एवढंच इचारलं, बाई, तुले कोणं ढकललं वो? मी ताटातून मान वर नाई काढली.

अन् एकदा पडलं का मग लाज मरते. एटापल्लीच्या अंगाले मुलींचं एक वसतिगृह, तिथी शिबिराले बोलावलं, सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीच्या रस्त्यानं जाता जाता आमचे पांढरे कपडे लाल झाले धुळीनं. गंज पोट्ट्या, हॉल भरून, माडिया आदिवासी जास्ती, त्यांले स्वतःचा बचाव शिकवाचा होता. मास्तरनं मनगट सोडवणं घाईघाईत उरकलं, अन् हात न लावता फेकणं मात्र दिवसभर. दरखेपेले मी पडली. पोट्ट्या तोंड उघडं ठेवून पाहत, अन् मी त्यातबी खूश. थू माह्या जिंदगानीवर!

चार महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. जैनी नावाची नववीतली पोट्टी, पह्यल्या टायमाले सगळ्यात समोर बसलेली, ती आता गळ्यात हात अडकवून, पलस्तर केलेलं. इचारलं तं सांगे, आठवडी बाजारातून येता येता एक दारू पेलेला पिदाड आडवा आला, सोबतच्या पोरी पळाल्या, मी नाई पळाली. डोळे मिटून श्वास घेतला अन् मास्तरवानी हात फिरवला. त्यानं तोच हात धरून पिरगाळला, मोडला. पळालेल्या पोरी माणसं घेऊन आल्या म्हणून वाचली. अन् मग ती पोट्टी मलेच इचारते, बाई, माहं काय चुकलं? तुम्ही तं पडल्या होत्या. मी रोज श्वासाची प्रॅक्टिस करून राह्यली, पुढच्या खेपेले जमन का? भाऊ, मी हॉलच्या मागं जाऊन ओकली, खरोखरची ओकली. तोंड धुतलं अन् मास्तरले सांगतलं, तं मास्तर म्हणे, तिची श्रद्धा कमी पडली असन. श्रद्धा म्हणे! असा फोकनाड, थापाड्या माणूस, अन् मी त्याच्या पायाशी इतके वर्सं बसली.

मग पोट्ट्या जमल्या अन् त्यानं मले गादीवर बोलावलं. हात फिरवला. मी उभी. पुन्हा फिरवला. दातातल्या दातात तेच, सुनंदा, पड. जैनी समोर बसून पाहे. मी सगळ्यांले आयकू जाईन असं म्हणलं, मास्तर, मनगट धरा ना माहं. तो म्हणे काय तमाशा लावला. मी म्हणलं धरा, नाई तं मी उभीच हाय संध्याकाळलोक. लालबुंद झाला, आला अन् धरलं, अन् काय सांगू तुम्हाले, असा फेकला मले त्यानं का आजलोक कोणं फेकलं नाई, पाय केव्हा सुटले ते समजलं नाई, आवाज साऱ्या हॉलात घुमला. मी उठली, पोट्ट्यांले म्हणलं, पाह्यलं? हे खरं हाय, याले दहा वर्सं लागते. आधीचं सारं खोटं होतं, मी मुद्दाम पडत होती. जैनीचं काईच नाई चुकलं, माहं चुकलं. याचीच जास्ती चीड येते भाऊ, इतकं खरं येत होतं त्या माणसाले, मग खोट्याची गरज काऊन पडली?

मास्तर आता माह्याशी बोलत नाई, क्लास चंद्रपूरले नेला, तिथी पडणारे भेटले म्हणे त्याले. विहाराच्या हॉलात मी शिकवते, गाद्या त्याच, तणस दरसाली नवं. पह्यलं पळणं, मग बोंबलणं, मग पडणं, मनगट वरसभरानं. बाप थकला, पण खुर्ची टाकून पाहत बसते. जैनी सुट्टीत माह्याच घरी राह्यते, कोपर पुरं सरळ होत नाई तिचं. परवा नवीन पोट्ट्या आल्या, मी एकीले पाय कसा टाकाचा ते दाखवून राह्यली होती, तिले शिवलीबी नाई, तं ती आपली धपकन पडली अन् मले बरं वाटावं म्हणून हासली. मी काई बोलाच्या आधी जैनी गेली, वाकड्या हातानं तिले उचललं, म्हणे उठ वो, बाईनं तुले हात कुठी लावला? बाप खुर्चीवरून पाहे माह्याकडे. मी यावेळी मान खाली नाई घातली.

चला, ऊन चढलं, धान पलटवाचं हाय. तुम्ही लिहून घ्या, माहंच नाव टाका, का सुनंदा पडली होती अन् तिले कोणं ढकललं नव्हतं. मंगल होवो तुमचं, अन् त्या साऱ्या पोट्ट्यांचं.