पोटाशी शिवलेला हात

बडोद्याच्या इस्पितळात, ड्रेसिंगच्या खोलीबाहेर नलिनीताई पेंगत होत्या. समोरच्या बाकावर मायलेक. मकरपुऱ्याच्या कारखान्यात विजेनं भाजलेला लेकाचा पंजा त्याच्याच पोटाच्या कातडीशी शिवलेला. त्या कातडीच्या देठाला सिस्टरनं आत्ताच रबर आवळलं होतं.

“आशय, हात गुदमरतोय का रे?”

“नाही गं. निजलाय. पोटाकडून येणारं रक्त थांबवलंय. आता नव्या कातडीनं हाताच्याच रक्तावर जगायचं.”

“म्हणजे दूध तोडायचं.”

“तसंच. रंग टिकला तर उद्या हात सोडवतील. निळी पडली, तर कातडी गेली. मग पंजाही.”

“शुभ बोल. किती वेळ बांधायचं?”

“सिस्टर येईपर्यंत. मोबाईल बघ ने तोवर.”

“मोबाईल काय बघायचा! ओवी म्हणते.”

“इथे? लोक हसतील.”

“हसू देत.
पोटाच्या पाळण्यात, हात बाळाचा निजला,
चांदण्याच्या गं दुधात, बोटाबोटांनी भिजला...”

“थांबलीस का?”

“पुढचं सुचेना. तू रंग बघ.”

“मी नाही. तू बघ.”

“माझी छाती होत नाही रे.”

नलिनीताई कधी उठल्या, त्यांनाच कळलं नाही.

“मी बघू का?”

“बघा ना, मावशी. सिस्टर करते तसं बोटानं हळूच दाबून सोडा.”

“पांढरं पडलं...”

“आणि?”

“थांब हं... आला! रंग भरून आला!”

“खरंच, ताई?”

“हात लावून बघा तुम्हीच.”

“अगं बाई, ऊन आहे रे, आशय! तुला पहिल्यांदा माझ्या कुशीत दिलं, तेव्हा असाच होतास.”